सेल्फ मारला की स्क्रीन काळी, रेडिओ मुका: पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडाचा माग

गाडी चालू केली. स्क्रीनवर लोगो आला, गेला, परत आला, परत गेला. चौथ्या खेपेला कुठे नेहमीचा मेनू उघडला. तोवर मी मान मागे वळवून, जुन्या पद्धतीने रिव्हर्स घेऊन रस्त्याला लागलोही होतो. आठवड्याभरात असं तीनदा झालं. मग रेडिओचंही बिनसलं. स्टेशनचं नाव दिसतंय, आवाज मात्र आधी गुदमरलेला आणि नंतर शून्य. सर्व्हिस सेंटरमध्ये सॉफ्टवेअर अपडेट करून दिलं. पंधरा दिवस बरे गेले, सोळाव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्या फेरीत त्यांनी अख्खं युनिट बदलायचा सल्ला दिला.

ते युनिट आजही गाडीत आहे आणि चालतंय. लोगोचा खेळ बॅटरीच्या ढिल्या क्लॅम्पमुळे चालला होता आणि रेडिओचा गळा दाबत होता डॅशकॅमचा चार्जर. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले दोन बिघाड. पण दोन्ही एकाच चौकटीत दिसत होते, म्हणून सगळ्यांना तो एकच आजार वाटला, मलासुद्धा.

जुन्या गाडीत हा घोळ होत नसे. पंख्याचा खटका गेला की पंखा बंद, रेडिओचा नॉब गेला की रेडिओ बंद. बिघाड जिथला तिथे दिसायचा. आता एसी, गाणी, नकाशा, कॅमेरा, घड्याळ सगळं एका काचेमागे आहे, आणि कुणाचंही दुखलं तरी कण्हते ती काचच. म्हणून युनिट बदलायच्या आधी खाली सांगितलेल्या गोष्टी तपासून घ्या. त्यातल्या बहुतेक तपासण्यांना व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर आणि थोडा धीर यापलीकडे काही लागत नाही.

आधी आठ दिवस टिपण

कधी होतं हे लिहून ठेवा. गार गाडीला की उन्हात तापलेल्या? फोन जोडलेला असताना की नसताना? सेल्फ मारताना, रिव्हर्स टाकल्यावर, की चालता चालता? रेडिओ एका ठरावीक रस्त्यावर बिघडतो की सगळीकडे? आणि शक्य असेल तेव्हा फोनवर व्हिडिओ काढून ठेवा, गाडी उभी असताना. वर्कशॉपमध्ये गाडी नेली की बिघाड शहाण्या मुलासारखा गप्प बसतो, हा अनुभव सगळ्यांचाच आहे. व्हिडिओ असला की निदान "आमच्याकडे तर नीट चालतंय" हे वाक्य ऐकावं लागत नाही.

लोगो पुन्हा पुन्हा येतो: आधी बॅटरी

स्क्रीनवाली सिस्टम म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर. सेल्फ मारताना स्टार्टर मोटर इतका करंट ओढते की बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर १० च्या आसपास उतरतं. बॅटरी थकलेली असेल तर त्याहूनही खाली. साध्या नॉबचा रेडिओ अशा वेळी क्षणभर गप्प होऊन पुन्हा बोलायला लागायचा, कुणाच्या लक्षातही येत नसे. कॉम्प्युटरला ती सवलत नाही. वीज एका मर्यादेखाली गेली की तो बंद पडतो आणि पहिल्यापासून सुरू होतो.

साधी चाचणी अशी: सेल्फ न मारता चावी किंवा बटणाने फक्त ॲक्सेसरी चालू करा. स्क्रीन पूर्ण उघडू द्या, रेडिओ लागू द्या. मग सेल्फ मारा. ॲक्सेसरीवर स्क्रीन दहा मिनिटं व्यवस्थित चालली आणि सेल्फ मारताच लोगोवर आली, तर संशय विजेवर. काही गाड्यांत सेल्फच्या क्षणी रेडिओची वीज मुद्दामच तोडलेली असते, त्यामुळे एकदा बंद होऊन लगेच सुरू होणं हा दोष धरू नका. तीन-चारदा लोगो येणं हा दोष.

आता मल्टिमीटर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर साध्या लेड-ॲसिड बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. १२.२ म्हणजे अर्धीच भरलेली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीचे दिवस भरत आलेत असं समजा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसतं. नव्या गाड्यांत बॅटरी भरणारा अल्टरनेटर गरजेप्रमाणे व्होल्टेज वरखाली करतो, त्यामुळे तिथे मधेच १२.८ दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

माझ्या गाडीत हे सगळे आकडे ठीक होते. बॅटरी टेस्टर लावला तेव्हाही "बॅटरी चांगली" असंच उत्तर आलं. मग एकाने सांगितलेली युक्ती केली: मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, म्हणजे शिशाच्या गोल भागावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगितलं. इथे ०.२ ते ०.३ व्होल्टहून जास्त दिसायला नको. मला १.४ दिसलं. म्हणजे वीज वाटेतच अडत होती. क्लॅम्प हाताने हलवून पाहिला तर चक्क फिरला. आत पांढरट-हिरवा थर. खायच्या सोड्याचं कोमट पाणी, तारेचा ब्रश, घट्ट आवळलेला नट, आणि लोगोचा खेळ बंद. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. हा क्रम चुकवू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते, तिच्यापुरतंच हे लागू. नारिंगी जाड केबलांना हात लावायचा नाही.

इलेक्ट्रिक गाडीतही हीच १२ व्होल्टची बॅटरी स्क्रीन जागी करते, हे अनेकांना माहीत नसतं. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही गाडी "मेलेली" दिसते ती बऱ्याचदा या छोट्या बॅटरीमुळे.

रिसेट: औषध आहे, इलाज नाही

व्होल्टेज ठीक असेल आणि तरी स्क्रीन गोठत असेल तर रिसेट करून बघा. बऱ्याच गाड्यांत पॉवर किंवा आवाजाचं बटण १० ते ३० सेकंद दाबून धरलं की सिस्टम पुन्हा सुरू होते. नेमकं कोणतं बटण ते गाडीच्या पुस्तकात असतं. ते जमलं नाही तर म्युझिक सिस्टमचा फ्यूज काढून पाच मिनिटांनी परत लावा. बॅटरी काढणं हा शेवटचा मार्ग. त्यानंतर घड्याळ, स्टेशनं, काचांचं एका दाबात वर जाणं हे सगळं पुन्हा शिकवावं लागतं, आणि जुन्या सिस्टमांमध्ये चोरी होऊ नये म्हणून चार आकडी कोड मागितला जातो. कोडचं कार्ड हाताशी नसेल तर बॅटरीला हात लावण्याआधी शोधा. अंदाजाने आकडे टाकू नका, काही चुका झाल्या की सिस्टम कुलूपबंद होते.

रिसेटनंतर किती दिवस बरं चालतं, ते मोजा. दर पंधरा-वीस दिवसांनी तोच त्रास परत येत असेल तर आत काहीतरी साठतंय किंवा झिजतंय. साठण्याचं सोपं उदाहरण म्हणजे हजारो गाण्यांचा पेन ड्राइव्ह. प्रत्येक वेळी चालू होताना सिस्टम त्यातली यादी वाचत बसते आणि इतर सगळं मंदावतं. तो काढून आठवडाभर चालवून बघा. जोडलेल्या जुन्या फोनांची यादीही रिकामी करा.

झिजण्याचं उदाहरण मोठं आहे. टेस्लाने २०२१ मध्ये अमेरिकेत २०१२ ते २०१८ दरम्यानच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स मिळून सुमारे १,३५,००० गाड्या परत बोलावल्या. स्क्रीनमागच्या कॉम्प्युटरमध्ये ८ जीबीची मेमरी चिप होती. तिच्यावर सतत नोंदी लिहिल्या जात आणि अशा चिपला लिहिण्या-पुसण्याचं आयुष्य ठरलेलं असतं. चिप संपली की स्क्रीन संपली, आणि तिच्याबरोबर रिव्हर्स कॅमेरा आणि काचेवरचं धुकं घालवायचं नियंत्रणही. असा आजार असेल तर रिसेटने काही होत नाही. आधी उघडायला वेळ लागतो, मग मधेच गोठते, मग उघडतच नाही, अशी उतरती पायरी दिसली तर युनिट किंवा त्यातला बोर्ड बदलणं खरंच भाग आहे. तेव्हा गाडीच्या नंबरावर काही रिकॉल आहे का, हे आधी बघा.

कुणी हात न लावता बटणं दाबली जातात

स्टेशन आपोआप बदलतं, आवाज वाढतो, नकाशा स्वतःच सरकतो. आधी काचेवर चिकटवलेला प्लास्टिकचा थर काढा. आजच्या टचस्क्रीन बोटामुळे होणारा विजेच्या क्षेत्रातला सूक्ष्म बदल ओळखतात. फुगे आलेला थर, ओल, सॅनिटायझरचा ओघळ हेसुद्धा तिला बोट वाटू शकतं. मायक्रोफायबरने, सिस्टम बंद ठेवून, कोरडं पुसा. मग फोनचा चार्जर काढून बघा, कारण हलक्या चार्जरच्या विजेतला कचरा यूएसबीच्या वाटेने आत शिरतो. दोन्ही करूनही भूत नाचतंच असेल आणि उन्हात जास्त नाचत असेल, तर काचेचे थर सुटायला लागलेत. तिथे फक्त टच काच बदलून भागतं, अख्खं युनिट घ्यावं लागत नाही. हे काम करणारा माणूस शोधायला वेळ लागतो, पण शोधा.

थंडीत स्क्रीन संथ चालणं किंवा कडक उन्हात ती मंद होणं हा बिघाड नाही. थंडीत एलसीडीतला द्रव आळसावतो आणि उन्हात सिस्टम स्वतःला वाचवायला उजेड कमी करते.

फोन जोडला की गडबड

ॲपल कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोन गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय, तुटत असेल तर दहातल्या बहुतेक वेळा केबल. माझ्या अनुभवावरून सांगतोय, हा काही सर्व्हे नाही. एक मीटरहून आखूड, डेटा वाहून नेणारी चांगली केबल घ्या, फक्त चार्जिंगची नको. फोनच्या पिनमधला खिशातला कापूस टूथपिकने अलगद काढा. वायरलेस असेल तर ओळख ब्लूटूथवर होते, पण चित्र आणि आवाज वाय-फायवरून येतो. म्हणून फोनमधलं व्हीपीएन आणि बॅटरी वाचवायची सेटिंग्ज बंद करून बघा. आणि दोन्हीकडून जोडणी पुसून नव्याने जोडा, एकीकडून नव्हे.

आता रेडिओ

इथे थोडा वेळ रेंगाळतो, कारण रेडिओ हा स्क्रीनच्या मेनूत गाडला गेल्यापासून त्याच्या तक्रारीही गाडल्या गेल्या आहेत. "ट्यूनर (स्टेशन पकडणारा भाग) गेला" हे निदान मी इतक्या वेळा ऐकलंय आणि इतक्या कमी वेळा खरं निघालंय.

पहिली चाचणी: रेडिओचा आवाज गेल्यावर ब्लूटूथवर गाणं लावा. ते वाजलं तर स्पीकर आणि ॲम्प्लिफायर ठीक, दोष अँटेनाकडून ट्यूनरपर्यंतच्या वाटेत. तेही वाजलं नाही तर ॲम्प्लिफायरचा फ्यूज, वायर, किंवा कुठेतरी म्यूट.

दुसरी चाचणी, जिने माझं काम केलं: गाडीत नंतर बसवलेली प्रत्येक विजेची वस्तू सॉकेटमधून उपटा. डॅशकॅम, फोनचा चार्जर, एलईडीच्या पट्ट्या, टायरमधली हवा दाखवणारा मीटर. नुसती बंद करू नका, उपटाच. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारं छोटं सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतं. त्याला नीट कवच नसलं तर ते एफएमच्या ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणि डिजिटल रेडिओच्या पट्ट्यातही कचरा फेकतं. गाडीचा रेडिओ हुशार असतो. गोंगाट वाढला की खरखर ऐकवण्याऐवजी तो हळूहळू आवाजच कमी करतो, आणि स्टेशनचं शेवटचं नाव मात्र स्क्रीनवर तसंच राहू देतो. म्हणून मला नाव दिसत होतं आणि आवाज नव्हता. डॅशकॅमची पिन उपटताच निवेदिका मध्येच, वाक्याच्या अर्ध्यात बोलायला लागली. तो क्षण विसरणार नाही.

उपाय: चांगल्या कवचाचा चार्जर, वायरीवर गोंगाट अडवणारं फेराइटचं कडं, आणि डॅशकॅमची वायर अँटेनापासून लांब. पुष्कळ गाड्यांत अँटेना काचेतच असतो, त्या बारीक रेघा. त्यांच्या शेजारून डॅशकॅमची वायर नेली तर गोंगाट थेट कानात बोलल्यासारखा पोचतो.

तिसरी गोष्ट अँटेना. टपावरची काडी असेल तर ती पूर्ण फिरवून घट्ट आहे का बघा. गाडी धुताना काढलेली काडी अर्धीच लावलेली मी तीन गाड्यांत पाहिली आहे. शार्कच्या पंखासारखा किंवा काचेतला अँटेना असेल तर त्याच्या पायथ्याशी छोटा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. बाहेरचा स्टिरिओ बसवल्यावर रेडिओची शक्तीच गेली, अशी तक्रार असेल तर जवळजवळ हमखास हे. जुन्या सिस्टममधून ती वीज अँटेनाच्या केबलमधूनच जात होती आणि नवीन स्टिरिओ ती देत नाही. त्यासाठी मधे लावायचा अ‍ॅडॉप्टर मिळतो, स्टिरिओची निळी वायर त्याला जोडली की काम झालं. काचेला धातूच्या कणांची फिल्म लावली असेल आणि अँटेना त्याच काचेत असेल, तर फिल्म काढण्यावाचून मार्ग नाही.

आवाजात इंजिनच्या वेगाबरोबर चढउतार होणारी शिट्टी येत असेल तर अल्टरनेटर आणि अर्थिंगकडे बघा. ती शिट्टी फक्त ऑक्सची (फोन थेट जोडायची) वायर लावल्यावरच येत असेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी मधे टाका. बस.

काही "बिघाड" तर सेटिंग असतात. स्टेशन आपोआप दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर उडी मारतं, त्याला एएफ म्हणतात. रेडिओ त्याच कार्यक्रमाची जवळची फ्रिक्वेन्सी शोधत असतो. दोन प्रसारण केंद्रांच्या मधोमध राहणाऱ्याला याचा वैताग येतो, त्याने ते बंद करावं. गाणं तोडून मधेच वाहतुकीची बातमी घुसते, ते टीए. माझ्या एका परिचिताने यासाठी गाडी दोनदा वर्कशॉपला नेली होती.

आयात केलेली गाडी असेल तर वेगळंच. जपानसाठी बनलेल्या गाडीचा एफएम ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि जुन्या सिस्टममध्ये ९० पाशीच संपतो. वरची स्टेशनं लागणारच नाहीत. बँड एक्स्पँडर नावाची डबी ती खाली ओढून आणते, पण मग स्क्रीनवरचा आकडा खोटा आणि आवाज थोडा मळका. अमेरिकेसाठीच्या गाडीत आकडा ०.२ च्या टप्प्याने, फक्त विषम दशांशांवर थांबतो. कधी सेटिंगमध्ये प्रदेश बदलता येतो, तेवढं शोधून बघा.

इलेक्ट्रिक गाडीत मीडियम वेव्ह, म्हणजे एएम, खरखरत असेल तर तो दोष तुमच्या गाडीचा एकटीचा नाही. मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरचा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात येतो. म्हणूनच काही कंपन्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम काढूनच टाकला. फोर्डने २०२३ मध्ये नव्या गाड्यांतून तो काढायचं ठरवलं आणि आपत्तीच्या काळातल्या सूचनांचा मुद्दा पुढे आल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात निर्णय फिरवला.

आणि कधी कधी स्टेशनच गायब असतं. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय स्टेशनांचं एफएम प्रसारण बंद करून डीएबी या डिजिटल रेडिओवर नेलं, स्वित्झर्लंडच्या सरकारी प्रसारकाने २०२४ च्या शेवटी तेच केलं. तिथे जुन्या रेडिओवर कितीही चाचण्या केल्या तरी काय मिळणार? डिजिटलचा स्वभाव लक्षात ठेवा: एफएम दमत दमत जातो, खरखर वाढत जाते. डीएबी शेवटपर्यंत स्वच्छ असतो आणि मग कड्यावरून पडल्यासारखा थांबतो. नव्याने सवय झालेल्याला तो थांबा बिघाड वाटतो.

एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत सिॲटल परिसरात २०१४ ते २०१७ च्या माझदा गाड्यांच्या स्क्रीन एकाएकी सतत रिस्टार्ट व्हायला लागल्या आणि रेडिओ ९४.९ एफएमवरच अडकला. त्या स्टेशनने डिजिटल प्रसारणाबरोबर पाठवलेल्या चित्रांच्या फायलींच्या नावाला शेवटचं शेपूट (फाइल कोणत्या प्रकारची ते सांगणारा भाग) नव्हतं, आणि गाडीच्या सिस्टमला ते पचलं नाही. युनिटं बदलावी लागली. आवाजाच्या नॉबला असं हवेतून आजारी पाडता आलं नसतं. तुमच्याही गाडीत त्रास एका ठरावीक स्टेशनवर आल्यावरच होत असेल तर ती नोंद टिपणात ठळक करा. ऐकणाऱ्याला वेडेपणा वाटेल, तरी सांगा.

बाहेरचा स्टिरिओ बसवताना

युनिट खरंच गेलं असेल तर आधी मोजमाप. जुन्या गाड्यांत एक डिन म्हणजे १८० गुणिले ५० मिलिमीटरचा खाचा आणि दोन डिन म्हणजे १८० गुणिले १००. यांत काहीही बसतं, नॉबवाला साधा रेडिओसुद्धा. नव्या गाड्यांत स्क्रीन डॅशबोर्डच्या आकारातच वितळवलेली असते आणि एसीची बटणंही तिच्यातच, तिथे हा मार्ग बहुधा बंद.

बसवल्यावर गाडी बंद केली की दरवेळी स्टेशनं पुसली जात असतील तर पिवळी आणि लाल वायर अदलाबदल झाली आहे. पिवळी कायम वीज देते, तिच्यावर स्मरणशक्ती. लाल फक्त चावीबरोबर. काही युरोपियन गाड्यांत या दोन जागा मुळातच उलट असतात, म्हणून बऱ्याच जोडण्यांत त्या दोन वायरींवर काढता येणारी टोकं दिलेली असतात.

उलट, सगळं चालतंय पण दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी बसते, असं असेल तर स्टिरिओ झोपतच नाहीये. काही गाड्यांत चावीचा इशारा वायरीतून येत नाही, कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या तारेवरून, संदेश म्हणून येतो, आणि तो समजणारा अ‍ॅडॉप्टर लावला नाही तर बसवणारे लाल वायरसुद्धा कायमच्या विजेला जोडून मोकळे होतात. गाडी झोपल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरहून जास्त करंट जायला नको. अर्धा अँपिअर जात असेल तर ५० अँपिअर-तासांची बॅटरी हिशोबाने १०० तासांत रिकामी, आणि सेल्फ न लागण्याची वेळ त्याच्या बऱ्याच आधी येते. डॅशबोर्ड उघडताना पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नका, त्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात.

स्टिरिओ न बदलता भागत असेल तर उत्तमच. ऑक्सला ब्लूटूथची छोटी डबी, किंवा फोनवरचं रेडिओ ॲप. सिगारेट लायटरमधला एफएम ट्रान्समीटर मी शेवटचा पर्याय मानतो, कारण रिकामी फ्रिक्वेन्सी प्रवासात सारखी बदलावी लागते. म्हणजे ज्या मेनूपासून सुटका हवी होती त्याच मेनूत परत.

नॉबही बिघडतात

साध्या बटणांची बाजू घेतोय म्हणून हे लपवणार नाही. आवाज वाढवताना कमी होणं, उडी मारणं हा फिरत्या नॉबच्या आतल्या झिजलेल्या, मळलेल्या संपर्कांचा दोष. नॉब ओढून काढा, बॅटरी बंद असताना काँटॅक्ट क्लीनरचा अगदी छोटा फवारा द्या, तीस-चाळीस वेळा दोन्हीकडे फिरवा, सुकू द्या. बहुतेक वेळा वर्षभर तरी निभतं. फरक इतकाच की तो बिघडला तेव्हा वायपर, हीटर आणि कॅमेरा चालूच होते.

काचेवरचं ओझं उतरवा

विजेचा दोष गेल्यावरही मी एक काम केलं: रोज लागणारी प्रत्येक गोष्ट स्क्रीनवरून उतरवली. चार स्टेशनं स्टिअरिंगच्या बटणांवर. स्टारचं रिकामं बटण होतं, त्यावर रेडिओ. गाडी चालू होताना नकाशा उघडायचा, तो बंद करून रेडिओच उघडेल असं ठेवलं. एसी ऑटोवर. स्क्रीनचं काम आता कॅमेरा आणि नकाशा एवढंच. गोठली तरी माझं काही अडत नाही, आणि खरं सांगायचं तर मेनूंची उलथापालथ थांबल्यापासून ती गोठतही कमी.

स्क्रीनचा मोह नवा नाही. १९८६ च्या ब्युइक रिव्हिएरात हिरव्या अक्षरांची टचस्क्रीन होती. लोकांना ती फारशी रुचली नाही आणि काही वर्षांत कंपनीने ती काढली. स्वीडनच्या 'व्ही बिलएगारे' मासिकाने २०२२ मध्ये ११ नव्या गाड्या आणि २००५ ची एक व्होल्व्हो व्ही ७० घेऊन ताशी ११० किलोमीटर वेगात चार साधी कामं करून पाहिली, त्यात ठरावीक स्टेशन लावणंही होतं. बटणांच्या व्होल्व्होला १० सेकंद लागले, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर पुढे गेली. सगळ्यात मागे राहिलेल्या गाडीला ४४.९ सेकंद आणि १,३७२ मीटर. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत एका कामाला एका वेळी २ सेकंद आणि एकूण १२ सेकंद नजर, एवढीच मुभा धरली आहे. युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपियन संस्थेच्या २०२६ पासूनच्या नियमांतही इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना खरी बटणं वा दांडे नसतील तर गुण कापले जातात. फोक्सवॅगनचे डिझाइनप्रमुख आंद्रेआस मिंट यांनी २०२५ मध्ये आवाज, तापमान, पंखा आणि हॅझर्डची बटणं परत आणतोय असं जाहीर केलं. नवी गाडी बघायला गेलात तर शोरूममध्ये रंग बघण्याआधी एक करा: स्क्रीनकडे न बघता आवाज कमी करून, काचेवरचं धुकं घालवून, स्टेशन बदलून बघा. हे तिन्ही जमलं नाही तर पुढची गाडी बघा.

माझ्या गाडीत आता एकच गोष्ट उरली आहे. क्लॅम्प साफ करताना बॅटरी काढली होती, तेव्हापासून घड्याळ सात मिनिटं पुढे आहे. पूर्वी त्याला एक बारीक खळगा असायचा, पेनाच्या टोकाने दाबायचा. या गाडीत ते तिसऱ्या मेनूच्या आत कुठेतरी आहे आणि "जीपीएसवरून आपोआप" असं लिहून राखाडी होऊन बसलंय. कुणाला सापडलं असेल तर सांगा.